एलजीबीटी संस्थेचं नेतृत्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आणि तृतीयपंथी लोकांसाठी महाराष्ट्रात संस्था चालवण्याचा, किंवा आहे त्या संस्थेची धुरा घेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी ही पानं आहेत. तळमळीने या कामात येणारे खूप असतात. टिकून राहतात ते तळमळीबरोबर कागद, हिशेब आणि तोंडावरचा ताबाही सांभाळणारे.

संस्थेच्या प्रमुखाला रोज नेमकं काय करावं लागतं?

बाहेरून दिसतो तो प्राइड मार्च, टीव्हीवरची चर्चा आणि न्यायालयाबाहेरचे फोटो. महिन्याचा खरा हिशेब वेगळा असतो. पगार वेळेवर करणं, निधी देणाऱ्याला खर्चाचं प्रमाणपत्र पाठवणं, विश्वस्तांची सभा बोलावून इतिवृत्त लिहून घेणं, जागेच्या मालकाची समजूत काढणं, पोलीस ठाण्यात कोणाला बसवून ठेवलं असेल तर तिथे जाणं, आणि दिवसभर इतरांची दुःखं ऐकणाऱ्या समुपदेशकाचं ऐकून घेणं. या सगळ्याच्या मुळाशी दोन जबाबदाऱ्या आहेत: आलेल्या माणसाची गोपनीयता आणि संस्थेचा चोख कारभार. गोपनीयता फुटली तर लोक येणं थांबतात. कागद चुकले तर संस्थेचं दारच बंद होतं आणि लोकांना जायला जागा उरत नाही.

कोणतं शिक्षण लागतं?

सक्तीचं कोणतंच नाही. हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये मुंबईत उभी करणारे अशोक राव कवी पत्रकार होते. पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू करणारे बिंदुमाधव खिरे सॉफ्टवेअर इंजिनियर. लक्ष्मीनारायण त्रिपाठी नृत्याच्या क्षेत्रातून आल्या. आज मात्र प्रकल्प व्यवस्थापक किंवा समुपदेशक म्हणून नोकरीला अर्ज केला, की बहुतेक ठिकाणी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्राची पदवी विचारतात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही त्यासाठीची ओळखीची ठिकाणं.

पदवीइतकंच उपयोगी पडतं ते असं: ताळेबंद वाचता येणं, सरकारी कार्यालयाला शुद्ध मराठीत मुद्देसूद पत्र लिहिता येणं, इंग्रजीत प्रस्ताव मांडता येणं आणि अनोळखी माणसासमोर लैंगिक आरोग्याबद्दल न अडखळता बोलता येणं. आधी वर्षभर हेल्पलाइनवर किंवा क्षेत्रभेटींवर स्वयंसेवक म्हणून काम करा, असा आमचा आग्रह असतो. ज्याने स्टेशनबाहेर उभं राहून कंडोम वाटलेले नाहीत, त्याला पुढे आउटरीच (वस्तीत जाऊन लोकांना भेटणाऱ्या) कर्मचाऱ्याच्या अहवालातला खरा आकडा आणि भरून टाकलेला आकडा यांतला फरक कळत नाही.

यावर पोट भरतं का?

भरतं, पण बेताने. सरकारी एचआयव्ही प्रकल्पांत मानधन वरून ठरवून दिलेलं असतं आणि ते मोठं नसतं. कंपन्यांच्या किंवा परदेशी निधीवरच्या प्रकल्पांत पगार बरे असतात, मात्र मुदत एक ते तीन वर्षांची.

नव्या संस्थांची चूक होते ती इथे. संस्थापक स्वतः विश्वस्त होतो आणि पगारही घेतो. न्यासपत्रात विश्वस्ताला मोबदला देण्याचं कलम नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडे आक्षेप येऊ शकतो. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त पगार दिला, तर आयकराची सवलतही धोक्यात येते. त्यापेक्षा विश्वस्त मंडळ वेगळं ठेवावं, पूर्णवेळ प्रमुखाला नेमणूकपत्र देऊन कर्मचारी करावं आणि त्याचा पगार त्याच्या अनुपस्थितीत ठराव करून ठरवावा. स्वतःच्या नावावर सहा महिन्यांच्या घरखर्चाची शिल्लक असल्याशिवाय चालू नोकरी सोडू नका.

नोंदणी कशी करायची? ट्रस्ट, सोसायटी की कंपनी?

तिन्ही चालतात. सार्वजनिक न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात आणि धर्मादाय कामाच्या न्यासाला ‘ई’ ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. सोसायटीला किमान सात सभासद लागतात. ती १८६० च्या कायद्याखाली नोंदवून शिवाय न्यास म्हणूनही नोंदवावी लागते, म्हणून तिचा क्रमांक ‘एफ’ चा. तिसरा पर्याय कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी. ती दोन संचालकांवर उभी राहते, पण दरवर्षीचं अनुपालन आणि त्याची फी जास्त.

लहान शहरातल्या, पाच-सहा विश्वासू माणसांच्या गटाला आम्ही ट्रस्ट सुचवतो. सोसायटीत दर निवडणुकीनंतर गट पडतात, दोन्ही गट बदलाचा अर्ज (चेंज रिपोर्ट) भरतात आणि बँक खातं गोठतं. हे फार वेळा घडलेलं आहे. ट्रस्टचा तोटा उलटा: विश्वस्त हटत नाहीत. म्हणून न्यासपत्रातच विश्वस्तपदाची मुदत (तीन किंवा पाच वर्षं), सलग किती वेळा राहता येईल आणि हटवण्याची पद्धत लिहून ठेवा. एकाच घरातली दोन माणसं मंडळावर नकोत. एकमेकांचे जोडीदारही नकोत. नातं तुटलं की मंडळही तुटतं.

विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. वर्षाचं ऑडिट वेळेत. या दोन गोष्टी राहिल्या की पुढे प्रत्येक अर्ज अडतो, कारण कंपनी असो की सरकार, पहिल्यांदा विश्वस्तांची अद्ययावत यादी मागतात.

उद्दिष्टांत ‘एलजीबीटी’ उघड लिहावं का?

लिहावं. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, आणि १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाने पारलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क मान्य केले आहेत. उद्दिष्टांत केवळ ‘आरोग्य’ किंवा ‘एड्स जनजागृती’ असेल, तर पुढे निवारा किंवा कायदेशीर मदतीचं काम उद्दिष्टांबाहेरचं ठरतं. आरोग्य, समुपदेशन, कायदेशीर मदत, शिक्षण, रोजगार, निवारा आणि संशोधन ही सगळी कलमं पहिल्याच मसुद्यात घाला.

दारावरची पाटी मात्र साधी ठेवा. पहिल्यांदा येणारा मुलगा जिना चढण्याआधी समोरच्या दुकानातून कोण बघतंय ते पाहत असतो.

पैसा येतो कुठून?

मुख्य वाटा चार, आणि प्रत्येकीची अडचण निराळी.

पहिली सरकारी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा (नाको) निधी राज्य एड्स नियंत्रण संस्थेमार्फत, मुंबईत मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेमार्फत, ‘टार्गेटेड इंटरव्हेन्शन’ म्हणजे टीआय प्रकल्पांना मिळतो. रचना ठरलेली आहे: प्रकल्प व्यवस्थापक, समुपदेशक, हिशेब व नोंदी पाहणारा, आउटरीच कर्मचारी आणि पीअर म्हणजे वस्तीतलेच, समूहातलेच कार्यकर्ते, एका पीअरमागे साधारण ६० जण. राज्यातल्या कित्येक संस्था याच निधीवर उभ्या राहिल्या. अडचण अशी की हप्ता उशिरा येतो आणि पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. महिन्याचा खर्च ३ लाख असेल तर किमान ९ लाख हाताशी असल्याशिवाय टीआय घेऊ नका. दुसरं म्हणजे हा पैसा एचआयव्हीसाठी आहे. लेस्बियन मुलींसाठी, घरच्या छळातून निघालेल्यांसाठी तो वापरता येत नाही. म्हणूनच आपल्याकडे पुरुषांसाठीच्या संस्था जास्त आणि मुलींसाठीच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. हा असमतोल मोडायचा असेल तर एचआयव्हीबाहेरचा निधी मुद्दाम शोधावा लागतो.

दुसरी वाट कंपन्यांची. वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा (किंवा ५०० कोटी नक्त मत्ता, किंवा १,००० कोटी उलाढाल) असलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हाच सीएसआर निधी. त्यासाठी संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी, आयकराच्या दोन्ही नोंदण्या (१२ए आणि ८०जी) आणि तीन वर्षांचं काम हवं. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ‘एलजीबीटी’ हा शब्द नाही, म्हणून प्रस्ताव आरोग्य, रोजगार कौशल्य किंवा लिंगभाव समानता या शीर्षकाखाली मांडा. जून या प्राइडच्या महिन्यात पोस्टरसाठी लोगो मागणाऱ्या कंपनीला नोव्हेंबरच्या पगाराचं विचारायला संकोचू नका.

तिसरी व्यक्तिगत देणग्या. रक्कम लहान, पण अटी नसतात, म्हणून सगळ्यात मोलाच्या. आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नावरची सवलत) आणि ८०जी (देणगीदाराला सवलत) नोंदणी आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळते, नंतर नियमित. तात्पुरतीची मुदत संपत आली हे विसरून सवलत गमावणाऱ्या संस्था दरवर्षी दिसतात; तारीख भिंतीवर लावा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुने नमुने डोळे झाकून वापरू नका.

इथे या क्षेत्राची खास अडचण आहे. सवलत हवी असेल तर देणगीदाराचं नाव आणि पॅन विवरणपत्रात जातं, आणि त्याच्या बँक पासबुकात संस्थेचं नाव उमटतं. घरी न सांगितलेल्या माणसाला हे आधी स्पष्ट सांगा. सवलत नको म्हणाला तर त्याच्या इच्छेचा मान ठेवा, पण निनावी देणग्यांवर कराचे वेगळे नियम आहेत, ते सीएला विचारून घ्या.

चौथी वाट परदेशी निधीची. तिला वेगळा प्रश्न हवा.

एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची नोंदणी) कधी मिळतं आणि कशामुळे जातं?

किमान तीन वर्षं जुनी संस्था आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मिळून उद्दिष्टांवर १५ लाखांचा खर्च, या किमान अटी. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही आणि हा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. या शेवटच्या अटीने लहान गावांतल्या गटांचं मोठं नुकसान झालं, कारण आधी मोठी संस्था पैसा आणून त्यांना वाटून देत असे.

नोंदणी पाच वर्षांची. मुदत संपण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत नूतनीकरणाचा अर्ज करायचा, आणि तोही सुरुवातीलाच. वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी मित्राने पैसे पाठवले तर? तो भारतीय पासपोर्टधारक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी होते. पासपोर्टची प्रत मागण्यात लाजायचं कारण नाही.

निधी एकाएकी बंद झाला तर?

होतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि पारलिंगी व्यक्तींसाठीची मित्र क्लिनिकं, हैदराबादबरोबर कल्याण आणि पुण्याचीही, बंद झाली. हार्मोन उपचार अर्ध्यावर असलेल्या माणसासाठी याचा अर्थ काय होतो, हे मंडळाच्या प्रत्येक सभासदाला कळायला हवं.

एका निधीवर एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त भार नको. कोणतीही नवी सेवा सुरू करतानाच बंद करण्याची पद्धत लिहून ठेवा: रुग्णाची फाइल कोणाकडे जाईल, जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, तिथला कोणता डॉक्टर सन्मानाने वागतो, किती आठवड्यांची औषधं हातात देऊन पाठवायचं. निवारा चालवत असाल तर जागेची अनामत रक्कम कधीही चालू खर्चात वापरू नका.

हेल्पलाइन सुरू करायला किमान काय लागतं?

एक वेगळा मोबाइल क्रमांक, ठरलेली वेळ आणि प्रशिक्षित चार माणसं. चोवीस तासांची घोषणा करू नका. आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन-दोन तास, पण न चुकता, हे जास्त उपयोगाचं. फोन उचलला गेला नाही तर तो माणूस पुन्हा धाडस करेलच असं नाही.

फोनवर पहिला प्रश्न: ‘आत्ता मोकळेपणी बोलता येतंय का?’ नाव विचारू नका. सांगितलं तर नोंदवहीत लिहू नका, क्रमांक द्या. परत फोन करू नका, कारण तो आईने उचलला तर? मेसेज पाठवायचा असेल तर तो कोणत्या शब्दांत, हे त्यालाच विचारा. आत्महत्येचा विचार वाटला तर थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. सोबत कोण आहे, जवळ काय आहे, हे समजून घ्या आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. जीव आत्ता धोक्यात असेल तर ११२.

‘मला बदलून द्या’ म्हणणारे पालक फोन करतात. त्यांना झिडकारू नका, तेही घाबरलेले असतात. पण समलैंगिकता हा आजार नाही, आणि बदलण्याचे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं आहे, हे ठामपणे सांगा.

एचआयव्हीच्या नोंदी वेगळ्या कुलपात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार लेखी संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही. ‘आपल्यातलाच आहे’ म्हणून सहकाऱ्याजवळ बोलणंही यातच आलं, आणि ही चूक कार्यालयात चहा घेतानाच सर्वाधिक होते.

१८ वर्षांखालच्या मुलांना मदत करता येते का?

ऐकून घेता येतं, धीर देता येतो, शाळेतल्या छळाबद्दल मार्ग सांगता येतो. प्रौढांच्या भेटीगाठींना, कार्यक्रमांना बोलावू नका. लैंगिक संबंध किंवा अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. म्हणून संभाषणाच्या सुरुवातीलाच वय विचारा आणि कोणती गोष्ट आपण गुप्त ठेवू शकणार नाही ते त्याने काही सांगण्याआधी सांगा. नंतर सांगितलं तर तो विश्वासघात होतो. चाइल्डलाइन १०९८.

घर सोडून दोन मुली आल्या, मागून आईवडील आणि पोलीस. काय करायचं?

दोघींची वयं आधी कागदावर पाहा: शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला. दोघी १८ पूर्ण असतील तर स्वतःच्या अक्षरात निवेदन लिहून घ्या, की आपण स्वखुशीने घर सोडलं आहे, कोणी फूस लावलेली नाही आणि कोणाकडून धोका वाटतो. एक प्रत गावाकडच्या पोलीस ठाण्याला, एक सध्याच्या, पोच घेऊन. सोबत वकील असावा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१००. ‘जबाब नोंदवायला’ म्हणून पोलिसांबरोबर गावी एकटं पाठवू नका. तिथे पोहोचल्यावर मुलीला घरच्यांच्या हवाली केलं जातं. जबाब इथेच घ्यावा, अशी लेखी विनंती करा. मार्च २०२४ मध्ये देवू जी नायर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: न्यायालयाने व्यक्तीची इच्छा जाणून घ्यावी, घरी परतण्यासाठी समुपदेशनाच्या नावाखाली दबाव आणू नये. त्याची छापील प्रत कार्यालयात ठेवा.

एकीचं वय १७ वर्षं ११ महिने असेल तरी वरचं काहीच लागू होत नाही. बालकल्याण समितीकडे जावं लागतं. मन कितीही तुटलं तरी लपवून ठेवू नका. अपहरणाचा गुन्हा संस्थेवर येतो आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मुलीचा आधार जातो.

डेटिंग ॲपवरून बोलावून लुटलं, व्हिडिओ काढला. असे फोन रोज येतात.

पैसे देणं थांबवा. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट, प्रोफाइल, यूपीआयच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट घ्या, ॲप डिलीट करू नका. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. खंडणी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे आणि कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. मात्र लैंगिक जबरदस्ती झालेल्या पुरुषाला नव्या संहितेत जुन्या दंड संहितेतल्या ३७७ (‘अनैसर्गिक’ संबंधांचं कलम) सारखं कलम उरलेलं नाही. मारहाण, डांबून ठेवणं, खंडणी ही कलमं लावून घ्यावी लागतात. ही पोकळी कायद्यातली आहे आणि ती भरून काढण्यासाठी संस्थांनी आवाज उठवत राहायला हवं.

कार्यालयातल्या लैंगिक छळाच्या तक्रारींचं काय?

दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती सक्तीची; अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी महिला, एक बाहेरची सदस्य. गे पुरुषांच्या संस्थेत पुरेशा महिलाच नसतात, म्हणून समिती कागदावर राहते. शिवाय २०१३ चा कायदा तक्रारदार म्हणून महिलेचाच विचार करतो. तेव्हा सर्व लिंगभावांच्या कर्मचाऱ्यांना, पीअरना आणि स्वयंसेवकांना लागू होणारं वेगळं धोरण मंडळाच्या ठरावाने करा. प्रमुखाविरुद्धची तक्रार कोणाकडे जाईल, तेही त्यात लिहा. समूह लहान आहे, सगळे एकमेकांचे माजी मित्र, माजी जोडीदार. नेमकं म्हणूनच नियम जास्त स्पष्ट हवेत.

प्रमुखाला स्वतःला धोका असतो का?

जुलै २००१ मध्ये लखनऊत आरिफ जाफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एचआयव्हीचं काम करताना अटक झाली आणि ते ४७ दिवस तुरुंगात होते. कलम ३७७ चा तो काळ गेला, पण मोर्चातल्या एखाद्या घोषणेवरून गुन्हा दाखल होणं, समाजमाध्यमांवरच्या धमक्या, जागा खाली करण्याचा दबाव हे आजही आहे. मोर्चाची परवानगी लेखी घ्या, मार्ग आणि वेळ पाळा, स्वयंसेवकांची यादी ठेवा, वकिलाचा क्रमांक प्रत्येकाच्या हातावर लिहा. घरचा पत्ता संस्थेच्या कागदांवर देऊ नका.

भिन्नलिंगी व्यक्तीने प्रमुख व्हावं का?

होता येतं. कलम ३७७ ला आव्हान देणारी याचिका २००१ मध्ये दाखल करणाऱ्या नाझ फाउंडेशनच्या संस्थापक अंजली गोपालन हे याचं ठळक उदाहरण. पण निर्णय घेणाऱ्या मंडळावर समूहातली माणसं बहुसंख्य हवीत, आणि तृतीयपंथीयांसाठीच्या प्रकल्पात तृतीयपंथी केवळ पीअर म्हणून नकोत, व्यवस्थापक म्हणूनही हवेत.

नोंदणीच नको असेल तर?

तोही मार्ग आहे. मुंबईतला लेबिया हा समलिंगी, उभयलिंगी स्त्रिया आणि पारलिंगी व्यक्तींचा गट १९९५ पासून संस्थात्मक निधी न घेता, स्वायत्त राहून काम करत आला. आधारगट, वाचन, आंदोलन यांसाठी नोंदणी लागत नाही. पगारी माणसं, निवारा किंवा दवाखाना हवा असेल तरच नोंदणीच्या वाटेला जा. आणि नोंदणी नसताना कोणा एकाच्या खाजगी खात्यात वर्गणी गोळा करत असाल, तर दर महिन्याला हिशेब गटासमोर ठेवा.

पद सोडताना काय काय सोपवायचं?

संस्थापकाने पंधरा-वीस वर्षं सगळं डोक्यात ठेवलं आणि आजारी पडला, की संस्था अडकते. म्हणून निदान वर्षभर आधी तयारी हवी. नव्या प्रमुखाला सहा महिने सोबत घेऊन निधी देणारे, पोलीस, रुग्णालय यांच्या प्रत्येक भेटीला न्या. ओळख फोनवर करून देऊन चालत नाही. बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव, चेंज रिपोर्ट, एफसीआरए असेल तर पदाधिकारी बदलाची वेगळी ऑनलाइन नोंद, डिजिटल सहीचं टोकन, आयकर, धर्मादाय, दर्पण (नीती आयोगाचं संस्थांच्या नोंदणीचं पोर्टल) आणि सीएसआर पोर्टलचे पासवर्ड, आणि हे सगळे ज्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले आहेत तो क्रमांक. हा शेवटचा क्रमांक हमखास संस्थापकाच्या खाजगी फोनचा निघतो आणि ओटीपीसाठी दोन वर्षं त्यालाच फोन करावे लागतात. पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावाचं सिम घ्या.

मदत घेतलेल्या लोकांच्या खाजगी गोष्टी मात्र सोपवायच्या नसतात. चालू प्रकरणांपुरत्या फाइली, त्या त्या व्यक्तीला विचारून, नव्या समुपदेशकाकडे द्या. बाकीच्या ठरलेल्या मुदतीनंतर दोन विश्वस्तांसमोर नष्ट करा आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्या.